अनामुडीवर झाडंच नाहीत, मग झाडबेडूक कुठला?

रानवाट: मुन्नारला जाऊन आलो, राजमलाला नीलगिरी ताहर (डोंगरातली रानबकरी) अगदी हातभर अंतरावरून बघितले. बसमधे एक जण सांगत होता की केरळातल्या अनामुडी शिखराच्या माथ्यावर लालभडक झाडबेडूक आहे आणि तो दुसरीकडे सापडत नाही. खालून बघितलं तर वर नुसतं गवत दिसतं हो, झाडच नाही तर झाडबेडूक कसला? फेकत होता का?

कातळफूल: फेकत नव्हता. राओर्चेस्टेस रिस्प्लेन्डेन्स नाव त्याचं, २०१० मधे पहिल्यांदा वर्णन झालं. झाडबेडूक हे कुळाचं नाव झालं, म्हणून प्रत्येकाने झाडावरच राहायला पाहिजे असं थोडंच आहे. हा गडी २६९५ मीटरच्या शिखराच्या आसपास गवताच्या झुबक्यात आणि बुटक्या बांबूच्या बेटात राहतो. इंचभराचा, पाय आखूड, अंगावर जाडजाड ग्रंथी, दिसायला भेकासारखा (टोड), फक्त रंग केशरी-लाल. आणि वर गवत का, तर थंडीत उघड्यावर दहिवर गोठतं, त्यात रोपं तग धरत नाहीत, शोला, म्हणजे इथलं बुटकं सदाहरित जंगल, मग घळीत वाऱ्याच्या आडोशाला राहतं.

रानवाट: बरं, पण उतारावर पाणी साचत नाही, मग पिल्लं कुठे वाढतात?

पाणकोंबडी: इथेच तर खरी गंमत आहे!! याला डबकं लागतच नाही. मादी गवताच्या, बांबूच्या बुंध्याशी ओलाव्यात अंडी घालते आणि शेपटीवाली अवस्था सगळी अंड्यातच उरकते, बाहेर येतो तो डायरेक्ट चार पायांचा नखाएवढा बेडूक. फक्त अंडी सुकली की खेळ खल्लास, म्हणून ते धुकं आणि पाऊस हवाच.

रानवाट: भारी! परमिशन काढून फोटोला जावं म्हणतो.

कातळफूल: नको राव. फोटोसाठी लोक झुबके उचकटून बघतात आणि अंडी उघडी पडतात. सुरुवातीला तर तीन चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जागेतून माहीत होता, नंतर एराविकुलममधेच (अनामुडी ज्यात येतं ते राष्ट्रीय उद्यान) अजून काही उंच ठिकाणी सापडला, तरी अतिसंकटग्रस्तच आहे. शिवाय हवा तापली तर खालचे प्राणी वर सरकतील, हा आधीच टोकावर बसलाय, हा कुठे जाणार?

पाणकोंबडी: +१, आणि ताहरच्या विणीच्या दिवसात पार्क बंद असतं, तेवढं बघून जा.