कुंड्यांना पाणी घालायला पायथन की सी प्लस प्लस?

प्रश्न: मंडळी, मी बँकेत कामाला, कोडिंगचा गंधही नाही. गच्चीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी जाईल असं काहीतरी करायचंय, घरात अर्दुइनो उनो (प्रोग्राम टाकून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) पडलाय पण जो तो म्हणतो पायथन ही कोडिंगची भाषा शिक, मग नेमकं काय धरू?

उत्तर १: उनोवर पायथन नाही चालणार हो, रॅम म्हणजे काम करायची मेमरी जेमतेम २ केबी, तिथे सी प्लस प्लस ही भाषाच. घाबरू नका, प्रोग्रामचे दोन भाग असतात, सेटअप एकदाच चालतं आणि लूप वीज असेपर्यंत फिरत राहतं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

उत्तर २: मी तर म्हणेन आधी पायथनच. सी प्लस प्लसमध्ये पूर्ण संख्यांचा भागाकार ७ / २ केला की अपूर्णांक गळून ३ येतात, पायथन ३ मध्ये ३.५. मी ओलावा मोजणाऱ्या सेन्सरच्या रीडिंगला १०२३ ने (उनोवरचं सर्वात मोठं रीडिंग) भागून मग १०० ने गुणत होतो, टक्केवारी सारखी शून्य, अख्खी संध्याकाळ गेली त्यात. सरळ रास्पबेरी पाय पिको हा दुसरा छोटा बोर्ड घ्या, त्यावर मायक्रोपायथन, म्हणजे अशा बोर्डांसाठीचं छोटं पायथन, मस्त चालतं.

उत्तर १: १०२३ ऐवजी १०२३.० लिहिलं की अपूर्णांक टिकतो, सुटतं ते! बोर्ड घरात असताना नवा कशाला? आणि पंप थेट पिनला जोडू नका, मध्ये रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) लावा, नाहीतर बोर्ड जळेल.

प्रश्नकर्ता: मग उनोच. आत्ताच एलईडी लुकलुकवला, लय भारी वाटलं!