वाफेच्या टर्बाइनचे सुटे भाग: आयातीला लगाम हवा की नको?

नगरकर (धागाकर्ता)
जकातीच्या तक्त्यात ८४०६९० या क्रमांकाखाली वाफेच्या टर्बाइनचे सुटे भाग येतात: पाती, रोटर (पाती बसवलेला फिरणारा दांडा), डायफ्रॅम (वाफ पात्यांवर वळवणाऱ्या स्थिर तबकड्या), ग्लँड सील (दांड्यालगत वाफ गळू न देणारे) वगैरे. या मालाची ये-जा दोन्ही बाजूंनी चालते. बंगळुरूची त्रिवेणी १०० मेगावॉटपर्यंतची टर्बाइन्स परदेशात विकते. हैदराबादची आझाद इंजिनिअरिंग जीई, सीमेन्स, मित्सुबिशी यांना पाती पुरवते. म्हणजे हात आपल्याकडे आहेत.

तरीही वीजनिर्मितीच्या मोठ्या संचांचं (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक संच) काय झालं बघा. २०१० साली रिलायन्स पॉवरने शांघाय इलेक्ट्रिककडे ६६० मेगावॉटचे ३६ संच मागवायचा करार केला. सगळे आले नाहीत, पण मध्य प्रदेशातल्या सासनसारख्या ठिकाणी जे बसले ते पंचवीस-तीस वर्षं चालायचे आहेत, आणि तितकी वर्षं त्यांना सुटे भाग लागणार. संच एकदाच घेतला जातो, भाग मात्र जन्मभर घ्यावे लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. ड्रॉइंग, धातूचा तपशील आणि पात्यांच्या कंपनांची माहिती हाती आल्याशिवाय परदेशी टर्बाइन घेऊ नये. आणि जी पाती इथे बनतात, त्यांच्या आयातीवर जकात वाढवावी.

भोसरीकर
नगरकर, जकातीला माझा साफ विरोध. ६६० मेगावॉटचा संच पूर्ण भाराने चालत असताना एक दिवस बंद पडला तर १.५८ कोटी युनिट वीज जाते. मे २०२४ मध्ये देशाची मागणी २५० गिगावॉटला टेकली होती. अशा वेळी केंद्राचा मुख्य अभियंता पात्यांचा सेट जिथून लवकर मिळेल तिथूनच आणणार. वाढीव जकात तो भरेल आणि ती शेवटी वीजबिलात येईल.

२०१२ मध्ये केंद्राने आयात वीजसामग्रीवर एकूण २१ टक्के शुल्क लावलंच होतं. पण तोवर बहुतेक मोठ्या ऑर्डरी देऊन झाल्या होत्या.

शिरोळकर
मी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पात (उसाच्या चिपाडावर वीज बनवतो तिथे) आहे, तेवढ्यापुरतं सांगतो. आमचं सगळं गणित ऑफ सीझनवर चालतं. गाळप थांबलं की टर्बाइन उघडायचं, रोटर बाहेर काढायचा, पाती तपासायची, सील बदलायचे आणि दिवाळीच्या आत पुन्हा बसवायचं. आमच्याकडे एक जुना परदेशी संच होता. बनवणाऱ्या कंपनीने (नाव घेत नाही) पाती द्यायला इतका वेळ लावला की गाळप सुरू झालं तरी माल आला नव्हता. वीज विकायची सोडून विकत घ्यावी लागली. त्या काळात सभासदांना उत्तरं देताना जीव मेटाकुटीला आला. देशी संचाला फोन केला की माणूस येतो. मी नगरकरांच्या बाजूने.

वडोदरेकर
शिरोळकर साहेब, तुमचा त्रास खरा आहे. पण "इथे बनवू" म्हणणं सोपं आहे, म्हणून एक पातं जवळून बघू.

लो प्रेशर (कमी दाबाच्या) टर्बाइनच्या शेवटच्या ओळीचं पातं साधारण मीटरभर लांब, १२-१३ टक्के क्रोमियमच्या पोलादाचं. तिथे वाफ ओली झालेली असते, थेंब आदळून कड झिजते, म्हणून पुढच्या कडेला बऱ्याचदा स्टेलाइट या कठीण मिश्रधातूची पट्टी लावतात. मुळाशी ख्रिसमसच्या झाडासारखे दाते कापलेले असतात आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांचा सगळा ताण तेच पेलतात. स्कॅन करून आकार हुबेहूब काढता येतो. पण पात्याची स्वतःची कंपनसंख्या ५० हर्ट्झच्या (३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ५०) पटीवर आली तर धातू थकतो आणि एक दिवस पातं तुटतं.

३१ मार्च १९९३ ला नरोरा अणुकेंद्रात शेवटच्या ओळीची पाती तुटली, रोटरचा तोल गेला, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन गळून आग लागली. ती नक्कल केलेली पाती नव्हती, मूळ रचनेतलीच होती. तिथे असं होऊ शकतं, तर नकलेचं काय घ्या! मोठ्या संचाला मूळ कंपनीचाच भाग घ्यावा, असं मी म्हणेन.

नगरकर
वडोदरेकर, म्हणूनच तर कंपनांची माहिती करारातच मागा म्हणतोय. हे पूर्वी झालंय. भेलने (वीजयंत्रं बनवणारी सरकारी कंपनी) २१० मेगावॉटचं तंत्र लेनिनग्राडहून आणि ५०० मेगावॉटचं जर्मनीच्या केडब्ल्यूयूकडून घेतलं तेव्हा रचना सोबत आली. म्हणून चंद्रपूरच्या संचांसाठी आज भेलच्या हरिद्वार कारखान्याचा दरवाजा ठोठावता येतो. कोराडीच्या ६६० च्या संचांची टर्बाइन्स तर मित्सुबिशीच्या तंत्राने, एल अँड टीबरोबर भागीदारी करून आली.

भोसरीकर
मुळाशी तुम्ही जातच नाही. पात्यांपेक्षा मोठी अडचण रोटरच्या फोर्जिंगची (तापलेलं पोलाद प्रेसखाली दाबून घडवण्याची) आहे. सर्वांत मोठ्या रोटरचा एकसंध पोलादी ठोकळा जगात मोजक्या ठिकाणी घडतो, जपानमधलं मुरोरान त्यातलं एक. गुजरातेत हजीऱ्याला एल अँड टीने अणुऊर्जा महामंडळाबरोबर मोठा फोर्जिंग कारखाना उभारला, पण अणुप्रकल्प रेंगाळले आणि कामही. भट्टी आणि प्रेस जकातीवर चालत नाहीत, सलग दहा-पंधरा वर्षांच्या मागणीवर चालतात. आणि रशियाने, जर्मनीने रचना दिली ती समोर संचांची रांग दिसत होती म्हणून. आज दोन संच घेणाऱ्याला कोण ड्रॉइंग देईल?

शिरोळकर
भोसरीकर, दोन संच कुठले? २०३१-३२ पर्यंत किमान ८० गिगावॉट कोळशाची वीज वाढवायची, असं केंद्र सरकारच म्हणतंय. ६६० च्या हिशेबाने शंभरावर संच होतात.

भोसरीकर
मग सगळ्या राज्यांनी आणि एनटीपीसीने (केंद्राची वीजनिर्मिती कंपनी) मिळून रोटरची एकत्र मागणी काढावी, फोर्जिंग हजीऱ्याला किंवा हरिद्वारला व्हावं. त्याला माझा पूर्ण पाठिंबा. पण जकात नको, यावर मी ठाम आहे.

नगरकर
एकत्र मागणी मान्य. जकातीचं तुमचं मत मला पटत नाही. निदान निविदेत ड्रॉइंगची अट आत्ता घाला, कारण करार झाल्यावर ती मागून मिळत नाही.