कोकणातलं खाणं आणि तब्येत: तुमच्या घरचे अनुभव लिहा

माजघर:
परवा कुडाळच्या बाजारात उकडे तांदूळ घेत होते, वास आला आणि आजीची पेज आठवली. शेतातून आलं की वाडगाभर गरम पेज, चिमूटभर मीठ, सोबत चुलीत भाजलेला सुका बांगडा. आता माहेरी त्या वेळेला चहा आणि खारी. आईला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी आधी नाश्त्याचंच विचारलं. भात उकडून मग भरडला की ब१ जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जातं. आपल्या माणसांनी हे टिकवायला हवं असं फार वाटतं. तुमच्याकडे काय बदललं, लिहा ना.

वेंगुर्लेकर:
आमच्याकडे अजून पेजच गो. पण बाबा पूर्वी जोत धरीत, आता दिवसभर दुकानात बसतत, भात मात्र तेवढोच लागता. बहीण रोज तेंच्यार ओरडता.

फणसाचीआठळी:
+१ वेंगुर्लेकर, अगदी हेच!! कष्ट गेले, ताट तेवढंच राहिलं.

दापोलीची सून:
नाचणीबद्दल लिहायचंच होतं. माझ्या बाळंतपणात सासूबाई नाचणी रात्रभर भिजवायच्या, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायच्या, सावलीत वाळवून मंद भाजायच्या आणि मग जात्यावर दळायच्या, घरभर खमंग वास. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिग्रॅ कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळपास तिप्पट, आणि मोड आणले की ते अंगी जास्त लागतं. आमच्या वाडीत हल्ली बाळाला चहात बिस्कीट बुडवून देतात, बघवत नाही हो. कुकर झाला, येते नंतर.

खाडीपलीकडे:
आमचं सगळं माशांवर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, मग सुकट, जवळा, कुळथाची पिठी आणि रानातला टाकळा, फोडशी. ताजी मासळी नसली तरी प्रोटीन आणि पालेभाजी दोन्ही पोटात जायचं. फक्त मिठाचं सांभाळा, आमच्या काकांना बीपी आहे म्हणून काकी खारा बांगडा दोनदा पाणी बदलून भिजवते.

फणसाचीआठळी:
टाकळ्यावरून आठवलं, शेवळं, ती पावसाळी रानभाजी, कोणी करतं का? यंदा अलिबागला मिळाली पण त्यात घालायची काकडं (आंबट रानफळं) नव्हती.

खाडीपलीकडे:
काकडं नसतील तर चिंच किंवा आमसुलं भरपूर घाल, आंबट कमी पडलं तर घसा खवखवतो.

माजघर:
@दापोलीची सून, सासूबाईंना नमस्कार सांगा. पीठ किती दिवस टिकतं?

दापोलीची सून:
आले परत. कोरड्या बरणीत महिनाभर, पावसाळ्यात थोडं थोडंच दळा.

पुणेकर चाकरमानी:
लाल वालय तांदूळ हवाय, पेजेला. वडिलांना आता तोच सोसतो. कोणी गावाहून येतंय का?

वेंगुर्लेकर:
भाऊ येतलो रविवारी. किती किलो होयो, मेसेज कर.