आधारचा फोटो आणि आईचा अंगठा

‘लपवण्यासारखं काही नाही, मग भीती कसली?’ असं आधार, ऑनलाइन पैसे आणि खासगी माहितीचा विषय निघाला की काही जण विचारतात. लपवायचं माझ्याकडेही काही नाही, तरी रात्री दाराला कडी घालतोच. मालवणात मासळीवाली मावशीसुद्धा क्यूआर पुढे करते. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, ती सोय मी सोडणार नाही. पण आमच्याकडे उतरणारे पाहुणे आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि तो माझ्या फोनात पडून राहायचा (म्हणजे धोका मीच!). आता मास्क्ड आधार मागतो, त्यात आधार क्रमांकाचे शेवटचे ४ आकडेच दिसतात. पासवर्ड बदलता येतो, अंगठा नाही, आणि आधार जोडलेल्या बँक खात्यातून अंगठ्यावर पैसे निघतात. म्हणून आईच्या आधारचं बायोमेट्रिक (अंगठ्याने होणारी ओळख) लॉक केलंय. रेशनला अंगठा लागतो, म्हणून जाताना ते उघडावं लागतं. तेव्हाच नेमकी रेंज जाते आणि आई माझ्या नावाने शंख करते.