ऑफिसचं काम स्वतःच्या फोन-लॅपटॉपवर: बंदी हवी की नको?

रात्रपाळी: माझं मत, सरसकट बंदी हवी. २०२२ चं लास्टपास प्रकरण घ्या. लोकांचे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. तिच्या एका डेव्हऑप्स (सॉफ्टवेअर तयार करून चालवणाऱ्या) इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर प्लेक्स हे मीडिया सॉफ्टवेअर होतं. त्यातली त्रुटी प्लेक्सने २०२० मध्येच दुरुस्त केली होती, पण या गृहस्थांनी अपडेट केलंच नाही. हॅकर तिथून शिरला, टाइप केलेली अक्षरं टिपणारा कीलॉगर बसवला आणि मास्टर पासवर्ड टिपला. कंपनीच्या ज्या व्हॉल्टच्या, म्हणजे डिजिटल तिजोरीच्या, किल्ल्या जेमतेम चार जणांकडे होत्या, ती उघडली. सिनेमे बघायच्या सॉफ्टवेअरपायी!

तिरपीरेघ: बंदी घाला की, पण मग फोन-लॅपटॉप कंपनीने द्यावा. खर्च वाचवायला ‘स्वतःचाच वापरा’ म्हणायचं आणि काही झालं की खापर कर्मचाऱ्यावर, हे बरंय. आणि कंपन्यांची लॉगिन सांभाळणाऱ्या ओक्टाच्या २०२३ च्या प्रकरणाचं काय? लॅपटॉप कंपनीचाच होता. त्यावरच्या क्रोममध्ये कर्मचाऱ्याने स्वतःचं गूगल खातं उघडलं आणि सर्व्हिस अकाउंटचा (माणसाऐवजी सिस्टिम वापरते त्या खात्याचा) पासवर्ड त्या खात्यात सेव्ह झाला. १३४ ग्राहकांच्या फाइल्सपर्यंत हॅकर पोचला.

रात्रपाळी: हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं! ओक्टाने नंतर कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये वैयक्तिक गूगल प्रोफाइल उघडणंच बंद केलं. बंदीच ना ती?

कडीकोयंडा: लॅपटॉपवर बंदी जमेल. फोनचं काय? लॉगिनचा ओटीपी, ग्रुपवरचे मेसेज, सुट्टीच्या दिवशी साहेबांचा कॉल, सगळं माझ्याच फोनवर. आधीच्या नोकरीत आयटीवाल्यांनी पूर्ण फोनचा ताबा घेणारं एमडीएम (कंपनीला दुरून फोन हाताळू देणारं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं. नोकरी सोडली त्या संध्याकाळी त्यांनी रिमोट वाइप केलं, म्हणजे दुरूनच फोन पुसला. मुलीचे फोटो गेले. बॅकअप का नव्हता, असं विचारणारे येतीलच. फोन माझा, पुसणारे ते कोण?

रात्रपाळी: तो आयटीचा आळस. अँड्रॉइडमध्ये वर्क प्रोफाइल असतं. कामाची अ‍ॅप्स वेगळ्या कप्प्यात राहतात, पुसलं तर तेवढाच कप्पा जातो.

तिरपीरेघ: म्हणजे सरसकट बंदी गेली? असो. वर्क प्रोफाइल मलाही चालेल. पण माझ्या फोनमधलं कंपनीला काय दिसतं आणि काय पुसता येतं, ते आधी लेखी हवं.

रात्रपाळी: फोनपुरती सूट, लॅपटॉपला नाही. लेखी जरूर मागा. मात्र सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या फोनवर ऑफिसचा मेलसुद्धा उघडू देऊ नये. मग तो फोन साहेबांचा का असेना.