कामुक, मादक की भुरळ?

माझी भाची एका कथेचा अनुवाद करतेय. परवा आम्ही मंडईत फुलं घ्यायला गेलो होतो, तिथेच तिने विचारलं, "मावशी, 'सिडक्टिव्ह' डोळ्यांना मराठीत काय म्हणू? मी 'कामुक डोळे' लिहिलंय."

म्हटलं, खोड ते. कामुक म्हणजे ज्याच्या मनात कामेच्छा आहे तो. कामुक नजर बघणाऱ्याची असते. कथेतली बाई खिडकीत नुसती उभी आहे. तिच्या डोळ्यांना कामुक म्हटलं की बघणाऱ्याची वासना तिच्या माथी मारली जाते. बातम्यांतून, जाहिरातींतून हा वापर इतका रुळलाय की कुणाला खटकत नाही. मला खटकतो.

मग मादक? मूळ धातू 'मद्'. मदिरा, उन्माद, मदन ही त्याचीच भावंडं. मत्त म्हणजे स्वतः धुंद झालेला, मादक म्हणजे दुसऱ्याला धुंद करणारं. म्हणून तर पोलिसांच्या कारवाईत 'मादक पदार्थ' सापडतात आणि रातराणीचा वासही मादक असतो. मोहक त्याहून सौम्य. मी साधी कसोटी लावते: तान्ह्या बाळाचं हसू मोहक म्हणता येतं, मादक म्हणवत नाही. (मोहकचा धातू 'मुह्'. मुग्ध त्यातलाच, आणि मूढसुद्धा!)

भाचीचं समाधान होईना. "पण मादक म्हटलं तरी धुंद करणारी तीच ना? ती तर काहीच करत नाहीये."

मुद्दा बिनतोड होता. शेवंतीच्या ढिगासमोर उभ्या उभ्या मी शब्द आठवत राहिले आणि सापडली भुरळ. रोजच्या बोलण्यातला शब्द, पण त्याची दोन क्रियापदं बघा. भुरळ 'घालते' ती बाई, भुरळ 'पडते' ती बघणाऱ्याला. लावणीत नर्तकी जाणूनबुजून अदा करते, तिथे 'भुरळ घालते' बेलाशक लिहावं, 'मादक अदा'ही लिहावं. ती तिची कमावलेली कला आहे. खिडकीतल्या बाईला मात्र 'पडते'च हवं.

तिने तिथेच मोबाइलवर वाक्य बदललं: 'तिच्या डोळ्यांची त्याला भुरळ पडली.'

मी फक्त 'त्याला' उचलून पुढे ठेवायला सांगितलं. 'त्याला तिच्या डोळ्यांची भुरळ पडली.'