पित्तनलिकेचा कॅन्सर: प्रायोगिक औषधासाठी मुंबई कधी गाठावी?

(सोलापुरातल्या तिघांची चर्चा, नावं त्यांच्या भागांची. प्रश्न असा: केमो इथंच मिळते, मग नव्या औषधासाठी किंवा त्याच्या चाचणीसाठी मुंबईला जायचं का, आणि कधी?)

होटगी रोड:
गाठ यकृताच्या आतल्या पित्तनलिकेत असेल आणि ऑपरेशन होण्यासारखं नसेल, तर जनुक तपासणी पहिल्याच आठवड्यात सुरू करा, केमो संपायची वाट बघू नका. अशा शंभरातल्या दहा-पंधरा जणांत एफजीएफआर-२ हे जनुक दुसऱ्या जनुकाला जोडलं गेलेलं सापडतं. त्यांच्यासाठी पेमिगॅटिनिब या गोळीला अमेरिकेत २०२० साली मान्यता मिळाली. आधीच्या उपचारानंतरही आजार वाढलेल्या १०७ रुग्णांपैकी सुमारे ३६ टक्क्यांची गाठ ठळकपणे आटली होती. हे पुष्कळ आहे.

विजापूर वेस:
आकडा बरोबर, पण औषधाच्या त्या चाचणीत तुलनेला दुसरा गटच नव्हता. गाठ आटली म्हणून आयुष्य किती वाढलं, ते त्यातून कळत नाही. त्याच जनुकावरच्या इन्फिग्रॅटिनिब या दुसऱ्या औषधाला तिथंच २०२१ मध्ये सशर्त मान्यता मिळाली. पुढच्या चाचणीला पुरेसे रुग्ण मिळेनात आणि ती मान्यता गेली. उलट जेमसिटाबिन-सिस्प्लॅटिन ही केमोची जोडी २०१० साली ४१० रुग्णांवर सिद्ध झाली: फक्त जेमसिटाबिनवर मधल्या रुग्णाचं आयुष्य ८.१ महिने, जोडीने ११.७. पहिल्या आणि आठव्या दिवशी सलाईन, दर २१ दिवसांनी. यासाठी सोलापूर-बार्शी सोडावं लागत नाही. अंगात त्राण नसलेल्या माणसाला दर पंधरवड्याला सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसवायचं, तेही कशाच्या भरवशावर?

सात रस्ता:
तुम्ही दोघंही नमुन्याबद्दल बोललाच नाहीत, आणि घोडं तिथंच अडतं. दुर्बिणीतून ब्रश फिरवून काढलेल्या पेशी निदानापुरत्या असतात, जनुक तपासणीला बऱ्याचदा पुरत नाहीत. यकृतातल्या गाठीचा जाड सुईने तुकडा घेतानाच डॉक्टरांना सांगा की तपासणीसाठी ऊती राखून ठेवा. तो तुकडा मेणात बसवून ठेवतात, तो मेणाचा ब्लॉक पॅथॉलॉजीतून मागून घ्या, नुसता रिपोर्ट नको. लॅबला आरएनए (पेशी जनुकावरून बनवते ती प्रत) तपासणी आहे का हेही विचारा. फक्त डीएनए पाहिला तर दोन जनुकांची अशी जोडणी निसटू शकते.
आणि आधी कावीळ उतरवा. बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) चढलेलं असेल तर केमोही अडते आणि चाचणीतही घेत नाहीत. त्यासाठी पित्तनलिकेत बसवलेली प्लास्टिकची नळी, म्हणजे स्टेंट, साधारण तीन महिन्यांत तुंबते. थंडी वाजून ताप आला तर त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

होटगी रोड:
ब्लॉकचं म्हणणं मान्य, ते मी आधीच लिहायला हवं होतं. पण विजापूर वेसकर, केमो सोडा असं मी म्हटलेलंच नाही. केमो इथं चालू ठेवा, ब्लॉक तेवढा पुढे जाऊ द्या. रिपोर्ट यायला आठवडे लागतात आणि केमो हरली की हाताशी वेळ उरत नाही.
पेमिगॅटिनिब १३.५ मिलिग्रॅम रोज, दोन आठवडे घ्यायचं, एक आठवडा बंद. निम्म्याहून अधिक जणांचं रक्तातलं फॉस्फेट चढतं. मग शेंगाचटणी, दूध, डाळी किती खायच्या ते आहारतज्ज्ञांना विचारूनच ठरवायचं. डोळ्यांचा पडदा सुरू करण्याआधी आणि नंतर पहिले सहा महिने दर दोन महिन्यांनी तपासायचा.

विजापूर वेस:
असं असेल तर माझा विरोध फक्त घाईला. पुढे चाचणीत जायचंच ठरलं तर सही करण्याआधी सीटीआरआयचा (देशातल्या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांक मागा. संमतीपत्र मराठीत घ्या आणि घरी आणून वाचा. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, आणि मधूनच बाहेर पडता येतं. प्रवासखर्च कोण देणार, ते लेखी घ्या. आणि रात्री ताप आला तर इथल्या डॉक्टरांनी तिकडे कुणाला फोन करायचा, तो नंबर फाइलच्या पहिल्या पानावर हवा.